पदपथाच्या आधी वाट: नव्या उपनगरात चालणे कशामुळे शक्य होते

प्रश्न थोडक्यात असा आहे. महापालिकेत अलीकडे समाविष्ट झालेल्या एका उपनगरात रस्ते रुंद आहेत, मुख्य रस्त्याला पदपथही आहेत. तरीही गच्चीवरून दिसणाऱ्या मंडईपर्यंत किंवा शाळेपर्यंत जायला लोक दुचाकी काढतात. तिथल्या नागरिक मंडळाला महापालिकेकडे काही ठोस मागायचे आहे. मंडळाच्या कच्च्या यादीत नवे पेव्हर ब्लॉक, बाके, शोभेचे दिवे आणि चौकात एक पादचारी पूल या गोष्टी आहेत. ही यादी बरोबर आहे का, असे विचारले आहे.

माझ्या मते यादीत सर्वांत वर जे असायला हवे तेच तिच्यात नाही, आणि ते म्हणजे वाटा. एखाद्या भागात माणसे चालतील की नाही, याचा निम्म्याहून अधिक निकाल तिथला पहिला पदपथ बांधला जाण्याच्या कितीतरी आधी, जमिनीचे लेआउट, म्हणजे तिचे भूखंड आणि रस्ते पाडण्याचे नकाशे, मंजूर होतात त्या दिवशीच लागलेला असतो. फरशी कितीही उत्तम बसवली तरी घर आणि मंडई यांच्यामध्ये सलग कुंपणभिंत असेल, तर त्या फरशीवरून चालणारा माणूस हौसेने फिरायला निघालेलाच असणार. कामाला निघालेला माणूस गाडीच काढणार.

हे आकड्यांत पाहू. नव्या उपनगरांत मुख्य रस्त्यांमधले अंतर पुष्कळदा चारशे ते सहाशे मीटर असते आणि मधली जमीन तीन-चार मोठ्या गृहसंकुलांनी व्यापलेली असते. असा ६०० मीटर लांब आणि ४०० मीटर रुंद तुकडा डोळ्यांसमोर आणा. एका लांब बाजूच्या मध्यावर आपले घर आहे आणि बरोबर समोरच्या लांब बाजूच्या मध्यावर मंडई आहे. सरळ अंतर ४०० मीटर, म्हणजे पाच-सहा मिनिटांची चाल. पण मधून वाट नसल्यामुळे ३०० मीटर कोपऱ्यापर्यंत, ४०० मीटर आडव्या रस्त्याने आणि पुन्हा ३०० मीटर उलट दिशेने, असे एक किलोमीटर चालावे लागते. जाऊन-येऊन आठशे मीटरऐवजी दोन किलोमीटर होतात, आणि परतताना हातात भाजीच्या दोन पिशव्या असतात. अशा वेळी दुचाकी काढणाऱ्याला आळशी म्हणणे अन्यायाचे आहे. आता त्याच तुकड्याच्या मधोमध सहा मीटर रुंदीची एक सार्वजनिक पायवाट काढली, तर तिला लागणारी जमीन २,४०० चौरस मीटर आहे आणि संपूर्ण तुकडा २,४०,००० चौरस मीटरचा आहे. एक टक्का जमीन दिली की एक किलोमीटरचे ४०० मीटर होतात. नगररचनेत इतक्या थोड्या मोलात इतका मोठा लाभ देणारी दुसरी गोष्ट मला माहीत नाही.

आपल्याकडची जी वस्ती पायी फिरायला आजही सुखाची वाटते, तिथे हेच दिसते. पुण्याच्या पेठांत गाड्यांची गर्दी असह्य झाली असली तरी पायी जाणाऱ्याला शंभर-दीडशे पावलांत कुठे ना कुठे वळायला मिळते. गल्ली आहे, बोळ आहे, एखाद्या जुन्या वाड्यातून आरपार जाणारी वाट आहे. पेठा जुन्या म्हणून त्यांचे उदाहरण बाजूला ठेवले, तरी विसाव्या शतकात विचारपूर्वक आखलेले भागही आहेत. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत १८९८ साली स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याचा जो भाग आखला, त्यातल्या हिंदू कॉलनीच्या क्रमांकित गल्ल्या आणि पारशी कॉलनीतले पाच बगिच्यांभोवतीचे छोटे रस्ते पाहा. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याने टीपी स्कीम म्हणजे नगररचना योजनेची सोय झाली. अनेक मालकांच्या वेड्यावाकड्या जमिनी एकत्र करायच्या, आधी रस्ते आणि मोकळ्या जागा काढून घ्यायच्या आणि उरलेल्या जमिनीचे नीट आकाराचे भूखंड मालकांना परत द्यायचे, ही ती पद्धत. पुण्यात भांडारकर रस्त्याच्या परिसरातल्या पत्त्यांमध्ये आजही ‘फायनल प्लॉट’ म्हणजे असा परत मिळालेल्या भूखंडाचा क्रमांक दिसतो, तो याच पद्धतीचा वारसा आहे. अशा भागांत मुख्य रस्ता एखादाच असला तरी त्याला जोडणाऱ्या गल्ल्या पुष्कळ, आणि त्यांतून गाड्या सावकाश जातात, कारण गल्लीत वेग घ्यायला लांबीच नसते.

बार्सिलोनाचे उदाहरण या विषयात नेहमी दिले जाते, पण बहुधा त्याचा चुकीचा भाग उचलला जातो. तिथल्या अलीकडच्या ‘सुपरब्लॉक’ योजनेत साधारण तीन बाय तीन चौकटींचा, म्हणजे सुमारे ४०० मीटर बाजूचा भाग घेऊन त्याच्या आतल्या रस्त्यांवरून आरपार जाणारी वाहतूक बंद केली जाते आणि ते रस्ते पादचाऱ्यांना, मुलांना, झाडांना दिले जातात. आपल्याकडे कोणी म्हणेल की आमचे गृहसंकुलही चारशे मीटरचेच आहे आणि आतही बाहेरच्या गाड्या येत नाहीत. फरक हा आहे की तिथे आतले रस्ते सर्वांसाठी उघडे आहेत. १८५९ साली मंजूर झालेल्या, अभियंता सेर्दा याच्या शहरविस्तार आराखड्याने सुमारे ११३ मीटर बाजूच्या चौकटी आणि त्यांच्यामध्ये २० मीटर रुंदीचे रस्ते आधीच देऊन ठेवले होते. त्यांनी गाडीला वळसा घालायला लावला आणि माणसाला सरळ जाऊ दिले. आपण दोघांनाही वळसा घालायला लावतो, आणि गाडीला त्या वळशाचे काही वाटत नाही.

वाटांची जाळी दाट असण्याचा फायदा बस आणि मेट्रोलाही तितकाच होतो. स्थानकाभोवती ५०० मीटरचे वर्तुळ काढून ‘एवढे लोक चालत येऊ शकतील’ असे अहवालांत दाखवण्याची पद्धत आहे. त्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ७८ हेक्टर भरते. पण माणूस वर्तुळाच्या त्रिज्येवरून चालत नाही, रस्त्याने चालतो. रस्ते अगदी दाट आणि काटकोनी असले तरी ५०० मीटर चालून पोहोचता येईल असे क्षेत्र ५० हेक्टरच असते. जाळी विरळ असली, मध्ये रेल्वेची भिंत किंवा नाला आला, की ते आणखी झपाट्याने घटते. पुण्यात मार्च २०२२ पासून मेट्रो धावू लागली. स्थानकाच्या जिन्यापासून जवळच्या वस्तीपर्यंतची शेवटची वाट कुठे तुटते हे शोधून ती जोडणे हे काम मेट्रोच्या एकूण खर्चापुढे नगण्य रकमेचे आहे, आणि तरीही ते कोणाचेच नसल्यासारखे राहून जाते.

नव्या उपनगरांत जाळी विरळ का राहिली, हे समजून घेतले तर मागणी कुठे करायची तेही कळते. विकास आराखड्यात म्हणजे डीपीमध्ये सहसा मोठे रस्तेच दाखवले जातात. मधल्या लहान रस्त्यांचे काम प्रत्येक जमीनमालकाच्या लेआउटवर सोपवलेले असते. एकेक गट नंबर स्वतंत्रपणे मंजुरीला येतो, प्रत्येक लेआउटचा अंतर्गत रस्ता स्वतःच्या हद्दीत फिरून स्वतःच्याच गेटपाशी संपतो, आणि शेजारच्या लेआउटचा रस्ता दोन मीटर पलीकडे, भिंतीच्या त्या बाजूला संपलेला असतो. यात कोणाचा वाईट हेतू असतोच असे नाही. एकत्रित नकाशा समोर ठेवून ‘या दोन टोकांची भेट घडवा’ असे सांगणे मंजुरी देणाऱ्या टेबलाचे काम ठरलेले नसते, एवढेच. टीपी स्कीममध्ये ही अडचण मुळातच येत नाही, म्हणून ज्या गावांत अजून शेतजमीन शिल्लक आहे तिथे डीपीतील रस्त्यांच्या रेषा वाढवण्यापेक्षा टीपी स्कीमचा आग्रह धरणे अधिक हिताचे आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये तिची पूर्ण तरतूद आहे.

आपला भाग मात्र बहुतेक बांधून झालेला आहे, म्हणून तिथला मार्ग वेगळा. पहिली शक्यता ओढे आणि नाल्यांच्या काठांची: त्यांच्या कडेची जागा बांधकामाला मोकळी ठेवावीच लागते आणि ती सहसा दोन मोठ्या रस्त्यांना आडवी जोडणारी असते. दुसरी शक्यता दोन सोसायट्यांच्या सामाईक हद्दीची. दोन्ही बाजूंनी सामासिक अंतर, म्हणजे इमारत आणि हद्द यांच्यामधली मोकळी जागा, सोडलेले असते. प्रत्येकीने भिंत दोन-अडीच मीटर आत घेतली तर चार-पाच मीटरची वाट निघते. यासाठी सक्ती करण्याऐवजी मोबदला द्यावा. टीडीआर (दिलेल्या जागेच्या बदल्यात दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा वाढीव चटई क्षेत्र (अधिक बांधकामाची परवानगी) या रूपात तो देता येतो, आणि महापालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली रस्त्याची नियमित रेषा, म्हणजे त्याची कायदेशीर हद्द, आखून घेण्याचा मार्गही आहे. तिसरी शक्यता पुनर्विकासाची. जुनी इमारत पाडून नवी उभी राहताना वाटेची अट घालणे सर्वांत सोपे असते, आणि ती संधी एकदा गेली की पुढची तीस-चाळीस वर्षे परत येत नाही.

सोसायटीतले रहिवासी सुरक्षिततेची शंका काढतील. ती शंका रास्त आहे आणि तिला हसण्यावारी नेऊ नये. वाट संकुलाच्या आतून नको, कडेने हवी. ती सरळ असावी, म्हणजे एका टोकाला उभे राहून दुसरे टोक दिसेल. दोन्ही बाजूंची भिंत कमरेएवढी आणि वर जाळी असावी, म्हणजे आतल्या खिडक्यांतून वाट दिसेल आणि वाटेवरच्या बाईला आपण कोणाच्या तरी नजरेत आहोत असा धीर राहील. दिवे खांबाच्या टोकावर झगमगते नकोत, माणसाच्या चेहऱ्यावर उजेड पडेल इतक्या उंचीवर हवेत. दोन उंच भिंतींमधली अंधारी, मध्येच वळणारी बोळकांडी कोणीही वापरू नये अशीच असते. ती मागण्यापेक्षा न मागितलेली बरी.

आता रस्ता ओलांडण्याकडे येतो, कारण यादीतला पादचारी पूल मला खरोखर खटकला. पुलावर चढून उतरणे म्हणजे प्रत्येकी सुमारे सहा मीटर, म्हणजे दोन मजले. गुडघे दुखणारी आजी, बाळाला कडेवर घेतलेली आई, चाकाची खुर्ची वापरणारा माणूस यांना तो पूल बंदच असतो, आणि धडधाकट माणूस दुभाजकावरून उडी मारून जातो. मुंबईत २००८ मध्ये वांद्रे पूर्वेला पहिला स्कायवॉक झाला आणि त्यानंतर अनेक झाले. रेल्वे स्थानकाच्या पुलाला जोडून उंचीवरूनच पुढे जाता येते तिथे त्यांचा काही उपयोग झाला. साधा रस्ता ओलांडण्यासाठी मात्र ते उत्तर नव्हे. रेल्वेमार्ग किंवा द्रुतगती मार्ग ओलांडायचा असेल तरच पूल किंवा भुयारी मार्ग मागावा. शहरातला रस्ता जमिनीवरूनच ओलांडता आला पाहिजे.

त्यासाठी मागायच्या गोष्टी साध्या आहेत. कोपऱ्याची गोलाई लहान करा. मोठ्या गोलाईमुळे डावीकडे वळणारी गाडी वेग कमी करत नाही आणि ओलांडण्याचे अंतरही वाढते. ‘फ्री लेफ्ट’, म्हणजे सिग्नल लाल असतानाही डावीकडे वळण्याची मुभा, बंद करा. दुभाजकात झेब्रा पट्ट्याच्या रेषेत पादचाऱ्याला मध्ये थांबायला किमान दीड-दोन मीटर रुंद जागा ठेवा. झेब्रा पट्टा शक्य तिथे पदपथाच्या पातळीला उचला, म्हणजे तोच गतिरोधकाचे काम करेल. सिग्नलची वेळ मोजून घ्या: १८ मीटर रुंदीचा रस्ता सेकंदाला १.२ मीटर या प्रचलित वेगाने १५ सेकंदांत पार होतो, पण ०.८ मीटरने चालणाऱ्या वृद्धाला २२ सेकंदांहून अधिक लागतात. शाळा, दवाखाना आणि मंडई यांच्यासमोर वेळ वृद्धाच्या चालीने ठरवावी. वस्तीतल्या रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरपेक्षा वेग शक्यच होऊ नये अशी रचना हवी. साठच्या वेगातल्या गाडीच्या धडकेतली ऊर्जा तीसच्या वेगापेक्षा चौपट असते, आणि त्या चौपटीत माणूस वाचण्याची शक्यता फार कमी होते.

पदपथाबद्दल लोकांना पुष्कळ माहिती असते, म्हणून थोडक्यात. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या २०१२ च्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शक तत्त्वांत चालण्यासाठी मोकळी रुंदी किमान १.८ मीटर, मिश्र वापराच्या भागात २.५ मीटर आणि दुकानांच्या रांगांपुढे साडेतीन ते साडेचार मीटर सांगितली आहे. ही रुंदी झाड, विजेचा फीडर पिलर (रस्त्याकडेची वीजपेटी) आणि फलकांचे खांब सोडून मोजायची असते. निविदेत नेमके हेच वाक्य गळते. पदपथाची उंची १५० मिलिमीटरहून अधिक नको आणि प्रत्येक इमारतीच्या गेटपाशी पदपथ खाली उतरता कामा नये; गाडीने चढून जावे, माणसाने सपाट चालावे. दर पंधरा मीटरला उतार-चढ असलेला पदपथ लोक सोडून देतात आणि मग ‘पदपथ बांधले तरी लोक रस्त्यावरूनच चालतात’ अशी तक्रार ऐकू येते.

पथारीवाल्यांना हटवा, ही मागणी आपल्या यादीत नाही याचे मला बरे वाटले. रात्री साडेनऊला ज्या पदपथावर भाजीवाली बसलेली आहे, तो पदपथ एकट्या मुलीला सुरक्षित वाटतो. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने शहर फेरीवाला समिती आणि विक्री क्षेत्रे यांची व्यवस्था दिली आहे. चालण्याची मोकळी पट्टी सोडून, झाडांच्या रांगेत त्यांची जागा आखून द्यावी. त्याच रांगेत सावलीही हवी. आपल्या हवामानात मार्च ते जून सावलीवाचून दुपारी कोणी चालत नाही, आणि पावसाळ्यात त्या पट्टीतले झाडांचे आळे पाणीही मुरवते, मात्र बुंध्याला सिमेंटचा गळफास लावलेला नसावा.

सार्वजनिक जागांबाबत माझा आग्रह आहे की त्या वाटेवर असाव्यात. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार ४,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या लेआउटमध्ये १० टक्के करमणुकीची मोकळी जागा सोडावी लागते. ती बहुधा संकुलाच्या आत, गेटच्या पलीकडे जाते आणि शेजारच्या वस्तीतल्या मुलांना तिचा उपयोग शून्य असतो. याउलट दादरचे शिवाजी पार्क आठवा. मैदान १९२५ मध्ये खुले झाले. पण त्याचे खरे वैशिष्ट्य मला त्याच्या भोवतीच्या, सव्वा किलोमीटरच्या आसपास लांबीच्या कट्ट्यात दिसते. कुंपण घालायचे होतेच, ते बसता येईल इतक्या उंचीचे घातले, आणि मैदानाची हद्द हीच त्या भागाची सर्वांत मोठी बैठक झाली. चहूबाजूंनी रस्ते येऊन मिळतात, त्यामुळे कामाला जाणारा माणूसही मैदानाच्या कडेने जातो. लहान प्रमाणात हेच वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात नवी मुंबईतल्या सीबीडी बेलापूरच्या घरकुल प्रकल्पात केले. सात घरांमध्ये सुमारे आठ मीटर बाजूचे एक अंगण आणि असे तीन समूह मिळून सुमारे बारा मीटरचा मोठा चौक, अशा पायऱ्या तिथे आहेत. घराच्या दारातून एकदम अठरा मीटर रस्त्यावर पाऊल पडत नाही. मधल्या प्रत्येक जागेची देखभाल करणारे कोणी ना कोणी जवळ राहते.

झालेल्या शहरात रस्त्याचीच सार्वजनिक जागा करता येते, याचा पुरावाही आपल्याकडे आहे. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले आणि त्यानंतर जंगली महाराज रस्त्याचे पदपथ रुंद करून तिथे बसायच्या जागा झाल्या. संभाजी उद्यान आणि बालगंधर्व रंगमंदिर ही लोकांची ठिकाणे आधीपासून त्या रस्त्यावर होती, झाडे मोठी होती, आणि दोन्ही बाजूंच्या गल्ल्यांतून लोक येत होते. म्हणून नव्या पदपथाला पहिल्या दिवसापासून माणसे मिळाली. तोच आराखडा आडव्या वाटा नसलेल्या नव्या रस्त्यावर जसाच्या तसा उतरवला तर बाके रिकामी राहतील. २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा भाग दिवसभर पादचाऱ्यांसाठी ठेवला जातो. आपल्या भागातही आठवड्यातून एक संध्याकाळ असा प्रयोग मागता येईल, कारण त्याला बांधकाम लागत नाही आणि दुकानदारांची भीती खरी की खोटी ते लगेच कळते.

आता प्रत्यक्ष मागणीपत्राविषयी. आपल्या भागाचा मंजूर डीपी आणि उपग्रह नकाशा एकावर एक ठेवा. शाळा, मंडई, दवाखाना, बस थांबे आणि देवळे त्यावर मांडा आणि प्रत्येक मोठ्या संकुलाच्या गेटपासून तिथपर्यंतचे सरळ अंतर आणि चालीचे अंतर असे दोन रकाने करा. जिथे दुसरे अंतर पहिल्याच्या दीडपटीहून अधिक येते तिथे वाट तुटलेली आहे असे समजा. अशा तुटलेल्या जागांपैकी ज्या एक-दोन जोडल्याने सर्वाधिक घरांचा वळसा वाचतो, त्या निवडा. दहा मागितल्या तर एकही मिळणार नाही. मागणीत गट क्रमांक, वाटेची लांबी-रुंदी आणि नकाशावरची रेषा द्या, कारण ‘आमच्या भागात चालण्यायोग्य रस्ते हवेत’ या वाक्यावर कोणताही अभियंता टिपणी लिहू शकत नाही. ज्या सोसायटीची भिंत आत घ्यायची आहे तिच्या कार्यकारिणीशी महापालिकेत जाण्याआधी बोला. अडथळामुक्त पदपथाचा वापर हा संविधानाच्या अनुच्छेद २१ खालील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. त्याचा उल्लेख पत्रात जरूर करा. मग चौकाची गोलाई आणि झेब्रा पट्टा, त्यानंतर पदपथाची सलग रुंदी आणि झाडे, अशा क्रमाने बाकीचे मागा. पेव्हर ब्लॉक आणि दिव्यांचा निधी आधीच मंजूर झालेला असेल, तर तो परत जाऊ न देता याच जोडवाटांवर खर्च करावा असा प्रस्ताव पथ विभागाकडे द्या. पावसाळी गटाराचे आणि मलवाहिनीचे काम त्या वर्षी कुठे आहे ते मात्र आधी विचारून घ्या, म्हणजे नवी वाट सहा महिन्यांत पुन्हा खोदली जाणार नाही.